बिनविषयाचे सर

शाळेत प्रत्येकाला एक विषय असतो. गणिताचे सर, मराठीच्या बाई, चित्रकलेचे सर. यांना विषय नाही. यांना फक्त तास असतो आणि तोही दहावीचा असेल तर दिवाळीनंतर गणिताचे सर घेऊन जातात. शाळेच्या कागदोपत्री 'शारीरिक शिक्षण', मुलांच्या तोंडी 'पीटीचे सर' आणि शिक्षकांच्या खोलीत 'अहो, जरा तेवढं बघा ना' एवढीच त्यांची ओळख.

हडपसरात सोलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जेवढ्या शाळा, तेवढे हे सर. रयतच्या शाळेत आहेत, महापालिकेच्या शाळेत आहेत, खासगी शाळेत तर आहेतच. मी लिहितोय ते सर कुणी एक नाहीत, चार-पाच शाळांतले सर एकत्र कालवून केलेले आहेत. तरी एखाद्या सरांना हे आपल्यावरच लिहिलंय असं वाटलं, तर त्यांनी तसं समजायला माझी हरकत नाही.

वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. पोट ट्रॅकसूटच्या चेनशी रोज सकाळी वाटाघाटी करतं, पण पाय अजून विशीतले. पाठीवर 'टीम मॅनेजर' अशी अक्षरं, त्याखालचं स्पर्धेचं नाव आणि साल धुण्यात गेलेलं. गळ्यात शिट्टी. ती झोपताना काढतात की नाही, हे घरच्या मॅडमनाच ठाऊक. सरांचं नेहमीचं बोलणंही मैदानाला ऐकू जाईल अशा पट्टीतलं. 'हे कुणाला सांगू नका' असं सरांनी सांगितलं की ती गोष्ट गाडीतळापर्यंत पोचते.

सर मुलांना नावानं हाक मारत नाहीत. त्याला कारण आहे. हडपसर म्हणजे मगर, तुपे, ससाणे, सातव, घुले. एका संघात तीन-तीन तुपे निघतात आणि त्यातले दोघे चुलत भाऊ. 'तुपे, पाय धर!' म्हटलं की तिघंही झेपावतात आणि चढाईवाला आरामात मध्यरेषा ओलांडून घरी जातो. बाकीची मुलं बीड, लातूर, सोलापूरकडून पोटापाण्यासाठी आलेल्यांची. त्यांची नावं पाठ होईपर्यंत ती नववीतून दहावीत जातात. म्हणून सरांनी सोपा उपाय काढलाय : मुलाला त्याच्या वस्तीच्या नावानं हाक मारायची. 'ए सातववाडी, कोपरा सांभाळ!' 'काळेपडळ, बोनस घेऊन ये!' 'फुरसुंगी, चहा पिऊन आलास का रे?' एकदा एका स्पर्धेत सर बाजूच्या रेषेवरून 'पंधरा नंबर, उठ, उठ!' म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. पंचांनी सामना थांबवला. कबड्डीच्या संघात खेळाडू बारा, सात आत आणि पाच बाहेर, मग हा पंधरावा कुठून आणला? पंच कोल्हापूरकडचे. हडपसरात पंधरा नंबर नावाची वस्ती आहे, तिथं माणसं राहतात आणि त्यांची पोरं डाव्या कोपऱ्यात खेळतात, हे त्यांना पटवण्यात पाच मिनिटं गेली.

खेळाडू हुडकण्याची सरांची पद्धत निवड चाचणीत बसणारी नाही. शाळेला उशीर झाला म्हणून मागच्या भिंतीवरून उडी मारणारी मुलं पर्यवेक्षकांना सापडली की त्यांची डायरी लाल होते. सरांना सापडली की सर विचारतात, 'उडी कुठल्या पायावर घेतलीस? पुन्हा मार बघू.' पोरगं घाबरत घाबरत पुन्हा भिंतीवर चढतं. चार वेळा उडी मारून घेतात आणि संध्याकाळी मैदानावर बोलावतात. जिन्यात पकडापकडी खेळताना बाईंच्या हाताखालून निसटलेली सहावीतली मुलगी पुढच्या आठवड्यात खो-खोच्या पाटीवर बसलेली असते. सरांना माणूस दिसतच नाही, जागा दिसते. आषाढी वारीच्या पालख्या हडपसरात आल्या की वारकऱ्यांच्या पाया पडायला अख्खी शाळा रस्त्यावर येते. गाडीतळाला माउलींची पालखी सासवडकडे वळते आणि तुकोबांची सोलापूर रस्त्यानं लोणीकडे जाते, तेव्हा गर्दीत भल्याभल्यांचे डोळे पाणावतात. सर मात्र फुगडी घालणाऱ्या सत्तरीच्या आजोबांकडे बघत पुटपुटतात, 'गुडघे बघा. काय गुडघे आहेत!'

मुली मिळवणं त्याहून अवघड. मुलं मैदानावर येतात, मुलींच्या घरी जावं लागतं. सर संध्याकाळी मोटारसायकल काढून वस्तीत जातात. मुलीची आई दारातच सांगते, 'सर, खेळायला ना न्हाई, पण सांच्याला पाणी येतंय. भरायचं कुणी?' इथं दुसऱ्या कुणी स्त्रीशिक्षणावर भाषण ठोकलं असतं. सर खिशातून वही काढतात आणि विचारतात, 'किती वाजता येतं?' या वहीत हडपसरच्या सगळ्या वस्त्यांच्या नळाच्या वेळा आहेत. मुलींचा खो-खोचा सराव त्या वहीवरून ठरतो. सकाळी पाणी येणाऱ्या मुली संध्याकाळच्या तुकडीत, संध्याकाळी येणाऱ्या सकाळच्या. 'आज पाणीकपात' असं कळलं की सरांचा चेहरा खुलतो, कारण त्या दिवशी पूर्ण संघ मिळतो.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष-महिला दोन्ही भारतानं जिंकले, तेव्हापासून सरांच्या हातात एक नवं हत्यार आलं आहे. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. वर्तमानपत्रातलं कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून सर वहीत ठेवतात आणि आयांपुढे धरतात. प्रार्थनेच्या वेळी माईक हाती आला की खो-खोचे नियम १९१४ साली आपल्याच पुण्यात डेक्कन जिमखान्यावर कसे बसवले गेले, इथपासून सुरू होतं आणि अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ कसे दाखवले, इथपर्यंत जातं. तोवर पहिला तास निम्मा संपतो. पहिला तास बहुधा गणिताचा असतो. हा योगायोग आहे असं सर म्हणतात.

जूनमध्ये शिक्षकांच्या सभेत समित्यांचं वाटप होतं. विज्ञान मंडळ विज्ञानाच्या बाईंकडे, वाङ्मय मंडळ मराठीकडे, हे सरळ. मग राहतात ती मंडळं, ज्यांत ऊन लागतं. हरित सेना, स्काऊट, आरएसपी, सहल, आपत्ती व्यवस्थापन, तंबाखूमुक्त शाळा. मुख्याध्यापक यादी वाचतात, सगळे एकदम खिडकीबाहेर बघतात आणि खिडकीबाहेर मैदानावर सर उभे असतात. सभेला गैरहजर राहिल्यामुळे सर्वानुमते त्यांची निवड होते.

तंबाखूमुक्त शाळा समिती सरांनी फार मनावर घेतली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्यानं बंदी आहे. सरांनी लांब उडीचा फीता घेतला, दोन मुलांना धरायला लावला आणि फाटकापासून समोरच्या टपरीपर्यंत मोजलं. शंभराला दोन कमी. टपरीवाल्याला टपरी हलवावी लागली. महिनाभरानं गणिताच्या सरांनी चहा पिता पिता सांगितलं की फीता मीटरचा होता आणि शंभर यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर, टपरी आधीपासूनच कायद्यात होती. सर क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, 'असू दे. शर्यत शंभर मीटरचीच असते.'

पण सरांचं खरं युद्ध स्वतःशीच आहे. मैदान एक आणि त्यावर हक्क सांगणारे दोन : खो-खो आणि हरित सेना. खो-खोला २७ मीटर बाय १६ मीटर सपाट जागा लागते. हरित सेनेची रोपं नेमकी तिथंच लावलेली, कारण पाण्याचा नळ तिथं. दोन्हींचे प्रमुख सर. काम कागदावर झालं पाहिजे म्हणून क्रीडाशिक्षक या नात्यानं त्यांनी हरित सेनाप्रमुखांना अर्ज लिहिला, 'कृपया चार रोपे इतरत्र हलवावीत.' हरित सेनाप्रमुख या नात्यानं त्यावर शेरा मारला, 'पर्यावरणाच्या दृष्टीने शक्य नाही.' मग क्रीडाशिक्षकानं पर्यवेक्षकांकडे तक्रार केली. तीन महिने हा पत्रव्यवहार चालला. शेवटी एक तडजोड झाली : कडुलिंबाची दोन झाडं खो-खोच्या दोन खुंटांच्या जागी वाढवायची. ती वाढायला दहा वर्षं लागतील हे दोन्ही प्रमुखांना मान्य होतं.

तिसरा दावेदार मागाहून आला, तो म्हणजे शिक्षकांच्या गाड्या. हडपसरची शेतं गेली आणि तिथं मगरपट्टा सिटी आली, अमानोरा आलं, रस्त्यावर गाडी उभी करायला बोटभर जागा उरली नाही. शाळेच्या नव्या इमारतीनं मैदानाचा एक कोपरा आधीच खाल्ला होता, उरलेल्यावर स्कूटर आल्या. सरांनी यावर भांडण केलं नाही. सकाळी सहाला येऊन त्यांनी कबड्डीचं मैदान आखलं. खिळे ठोकले, सुतळी ताणली आणि डब्याला भोकं पाडून केलेल्या चाळणीतून फक्की टाकत उलटे चालत गेले. फक्की मारण्यात सरांचा हात कुणी धरू शकत नाही. रेघ अशी येते की ती ओलांडताना मुंगीही विचार करील. सात वाजता शिक्षक आले. उपमुख्याध्यापकांनी नेहमीच्या जागी अ‍ॅक्टिव्हा लावली आणि हेल्मेट काढतात तोच शिट्टी वाजली. सरांनी पंचासारखा हात वर केला, 'बाद! चाक अंतिम रेषेच्या बाहेर!' मैदानावरच्या साठ पोरांनी टाळ्या वाजवल्या. उपमुख्याध्यापक हसले, मग हसल्याबद्दल चिडले. पण दुसऱ्या दिवशी अ‍ॅक्टिव्हा भिंतीला लागून उभी होती.

स्पर्धा बालेवाडीला असली की मजा. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं केलेलं ते संकुल पुण्याच्या पश्चिम टोकाला आणि हडपसर पूर्वेच्या. मध्ये अख्खं पुणे. सर संघाला पीएमपीच्या बसनं नेतात आणि बसमध्ये बसू देत नाहीत. दांडा न धरता उभं राहायचं, ब्रेक लागला तरी पाय हलता कामा नये. 'तोल, तोल! मध्यरक्षकाचं सगळं तोलावर असतं.' वाहतुकीच्या कोंडीत दोन तास असा तोल सांभाळून मुलं उतरतात, तेव्हा अंग मोकळं करायची गरज उरलेली नसते. वजनाच्या भीतीनं सकाळपासून उपाशी असलेला एखादा काट्यावरून खाली उतरल्या उतरल्या दोन वडापाव एकदम तोंडात घालतो आणि पहिल्याच चढाईत त्याला दम लागतो. समोरच्या संघात मिशीवाला मुलगा असतोच. सर तावातावानं पंचांकडे जातात, 'हा सतरा वर्षांखालचा? याची पोरं सतरा वर्षांखालची असतील!' पंच जन्मदाखला दाखवतात. तेवढ्यात समोरचे सर बोट दाखवतात, 'आणि तुमचा तो काळेपडळ?' काळेपडळलाही मिशी आहे. दोघं सर एकमेकांकडे बघतात आणि तक्रार मागे घेऊन चहाला जातात.

शाळेचा निकाल लागतो तेव्हा फलकावर सरांचा विषय नसतो. शारीरिक शिक्षणाला दहावीला श्रेणी मिळते, टक्के नाहीत, आणि पेढ्यांचा हिशेब टक्क्यांवर चालतो. सरांचा निकाल गाडीतळाच्या सिग्नलला लागतो. हेल्मेट नाही म्हणून वाहतूक पोलीस मोटारसायकल बाजूला घ्यायला सांगतो, जवळ येतो आणि एकदम खाली वाकतो. सर त्याच्याकडे निरखून बघतात. 'उजवा कोपरा! पकड सोडायचास रे तू घाईनं.' सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यातून सरांचे काही कोपरे पोलिसांत गेले, काही रामटेकडीला राज्य राखीव दलात. सरांना त्यांची नावं आठवत नाहीत. हुद्दे तर नाहीच नाही.

परीक्षा जवळ आली की पालक येऊ लागतात. खेळाच्या प्रमाणपत्रावर दहावीला सवलतीचे गुण मिळतात ही बातमी तेव्हा सगळ्यांना एकदम कळते. परवा असेच एक गृहस्थ आले, मगरपट्ट्यातल्या कंपनीत इंजिनिअर. जूनमध्ये सरांसमोर उभं राहून त्यांनी 'खेळून काय भाकरी मिळणार आहे?' असं विचारलं होतं आणि मुलाला क्लास लावला होता. मुलगा क्लास बुडवून चोरून खेळत राहिला आणि विभागीय पातळीवर खेळून आला. सरांनी फाइल काढली, प्रस्ताव पुढे केला, सह्यांच्या जागा दाखवल्या. जूनमधलं काही बोलले नाहीत.

'एक अडचण आहे,' एवढंच म्हणाले. 'उद्या सकाळी सहाला आंतरशालेय सामन्यासाठी मैदान आखायचंय. पोरांचे पेपर आहेत. दोरी धरायला माणूस नाही.'

गृहस्थ आले. पॉलिश केलेले बूट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, एका हातात सुतळी. पहिली रेघ झाल्यावर ते मागे सरकले, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, 'सर, कोपरा नव्वदचा येत नाहीये.'

'मग तीन-चार-पाच लावा की,' सर फक्कीचा डबा हलवत म्हणाले.

गृहस्थांनी एका बाजूला तीन मीटर मोजले, दुसऱ्या बाजूला चार आणि तिरक्या सुतळीचे पाच जुळेपर्यंत खिळा चार वेळा उपटून ठोकला. बुटांचं पॉलिश गेलं, ओळखपत्र पाठीवर गेलं. दुसरा कोपरा त्यांनी सरांना न विचारताच सुरू केला. सर कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत होते, खांद्यांकडे, मग पायांकडे.

'तुमची उंची किती हो?'

'पाच दहा. का?'

'शनिवारी पालक विरुद्ध शिक्षक सामना ठेवलाय,' सर म्हणाले. 'राहायला कुठे म्हणालात तुम्ही?'