शंभर वॅटची थेरं

चारचौघांत, बायकामुलांदेखत, “तुमच्या गाडीत किती वॅट येतात हो?” असं बिनदिक्कत विचारायची पद्धत पडली आहे, हे तुमच्या कानावर आलं का? पूर्वी दोन गाडीवाले भेटले की मायलेज विचारायचे. त्या प्रश्नात निदान संसाराची काळजी होती. आता मायलेज गेलं चुलीत. आता गाडी किती धावते याला महत्त्व नाही, ती डिकीतल्या पेटीला किती पाजते याला आहे.

पेटी म्हणजे पोर्टेबल पॉवर स्टेशन. इकोफ्लो, जॅकरी, ब्लुएटी, अँकर ही नावं ज्यांना तोंडपाठ नाहीत त्यांना आता मागासलेले समजतात. आत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी, तिला जोडलेला इन्व्हर्टर, पुढे सॉकेटांची रांग आणि मधोमध उजळलेला पडदा. त्या पडद्यावर किती वीज आली, किती गेली आणि किती तास उरले याचा हिशेब. धाकटी पेटी २५६ वॅट-तासांची, थोरली हजाराच्या घरातली. थोरलीचं वजन बाराएक किलो. घरातली पाच किलोची गव्हाची पिशवी उचलताना ज्यांची कंबर धरते, ते गृहस्थ ही पेटी तिसऱ्या मजल्यावरून हसत हसत खाली नेतात. जिन्यात कुणी मदतीला आलं तर “नको नको, हलकी आहे,” असंही म्हणतात. याला काय म्हणावं?

बरं, पेटी घेतली तर घेतली. घरच्या भिंतीतल्या प्लगला लावा, दीड-दोन तासांत भरेल, एका युनिटला दहा-पंधरा रुपये पडतील आणि विषय संपेल. पण तसं केलं तर मर्दुमकी ती काय? म्हणून ती लावायची गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटला. हे सॉकेट कशासाठी जन्माला आलं ते सांगायलाही लाज वाटते. ते सिगारेट पेटवायचं भोक! तांबडीलाल होणारी कॉइल दाबायची, दहा-पंधरा सेकंदांत बाहेर काढायची, एवढंच त्याचं आयुष्य. त्याच्यावर साधारणपणे १२० वॅट लिहिलेलं असतं आणि मागे १० किंवा १५ अँपिअरचा फ्यूज असतो. पेट्या तिथून सहसा ८ अँपिअर घेतात. पडद्यावर आकडा उमटतो ९६, फार तर १०५. हाच तो आकडा, ज्याच्यासाठी माणसं वळणावळणाच्या घाटातही मागे वळून बघतात.

शंभर वॅट म्हणजे किती, हे या मंडळींना चहा करताना कळतं. एक लिटर पाण्याला उकळी आणायला साधारण शंभर वॅट-तास लागतात. म्हणजे पुण्याहून निघून लोणावळ्यापर्यंत गाडी हाणावी, तेव्हा कुठे पाच-सहा कपांचं आधण तापेल एवढी वीज पेटीत पडते. दूध अजून तापायचंय. हजारची पेटी रिकामी असेल तर ती भरायला दहा-अकरा तास. पुण्याहून तारकर्ली गाठली, मालवणात जेवायची वेळ झाली, तरी पेटी अजून “थोडंसं राहिलंय” म्हणत असते.

तुम्हाला म्हणून सांगते, पुढे बोलू नका. आमच्या बी विंगमधले एक काका भंडारदऱ्याला काजवे बघायला गेले होते. सगळे झाडांकडे बघताहेत, लुकलुक चालली आहे, पोरं तोंडाचा आ करून उभी आहेत, आणि काका डिकीत डोकं घालून बसलेले. काकूंनी विचारलं, “अहो, काय बघताय?”

“अठ्ठेचाळीस टक्के आहे.”

“कशाचे?”

“काल रात्री कुणीतरी एसीचं बटण चालू ठेवलं. काही लावलेलं नसतानाही इन्व्हर्टर पंधरा-वीस वॅट खातो गं!”

एसीचं बटण म्हणजे थंड हवेचं नव्हे बरं का, पेटीवरच्या २३० व्होल्टच्या सॉकेटांचं. मोबाइल यूएसबीत लावला तर इन्व्हर्टर जागाच होत नाही. पण काकूंनी फोनचा साधा चार्जर सॉकेटात खोचला होता. आठ तासांत जवळपास सव्वाशे वॅट-तास गेले, म्हणजे सव्वा तासाचं ड्रायव्हिंग पाण्यात. यावरून काका-काकूंचं दुसऱ्या दिवशी घोटीपर्यंत बोलणं नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात सासूवरून झालं नाही ते चार्जरवरून झालं.

आणि सकाळची फजिती तर विचारूच नका. काही गाड्यांत किल्ली काढली की सॉकेट मरतं, काहींत ते अष्टौप्रहर जिवंत असतं. दुसऱ्या जातीची गाडी असेल आणि रात्रभर पेटी लावून ठेवली तर काय होतं? छोट्या हॅचबॅकची स्वतःची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे १२ व्होल्टला हिशेब केला तर ४२० वॅट-तास. डिकीतली पेटी तिच्या दुपटीहून मोठी! ८ अँपिअरने दोनेक तास ओढलं की गाडीची बॅटरी निम्म्यावर येते. पहाटे तंबूतून उठून सेल्फ मारावा तर बोनेटखालून नुसतं टक् टक्. मॅन्युअल गाडीला धक्का तरी मारता येतो. ऑटोमॅटिकवाले मात्र डिकीत भरलेली पेटी, समोर मेलेली गाडी आणि हातात जंपर केबल शोधणारा मोबाइल घेऊन रस्त्यावर उभे. पेटीवर चहाचं पाणी उकळतंय म्हणे. घ्या, प्या.

यावर शहाण्यांचा तोडगा असा की इंजिन चालू ठेवायचं. मग आल्टरनेटर वीज देतो, साडेतेरा-चौदा व्होल्टची, बॅटरीला धक्का नाही. पण उभ्या गाडीचं इंजिन तासाला अर्धा-पाऊण लिटर पेट्रोल पितं. दहा तास नुसतं घुरघुरत ठेवलं तर सहा-सात लिटर, म्हणजे शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलच्या भावाने सहाशे-सातशे रुपये. कशाचे? एका युनिटाचे! महावितरणने एवढा दर लावला असता तर यांनीच मोर्चा काढला असता, फलक लिहिले असते, उपोषणाला मांडवही घातला असता. इथे मात्र बिल पंपावर भरायचं असतं, त्यामुळे चकार शब्द नाही. शिवाय तंबूच्या तोंडाशी किंवा बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवणं हे थट्टेच्या पलीकडचं आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासही न येता माणूस नेतो.

काहींना शंभर वॅटही कमी पडतात, म्हणून ते एकाच सॉकेटात दुभाजक लावून टायरला हवा भरायचा पंपही खोचतात. पंप दहा अँपिअर, पेटी आठ अँपिअर, फ्यूज बिचारा दहाचा. फट्! मग डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन चिमुकला फ्यूज शोधणं आलं. कुणी म्हणे त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळतात. असल्या माणसांना मुली देऊ नयेत.

त्याहून हौशी जे आहेत त्यांनी थेट गाडीच्या बॅटरीपासून जाड तार मागे ओढली आहे. इकोफ्लोने २०२४ मध्ये ८०० वॅटचा आल्टरनेटर चार्जर काढला आणि या लोकांना मोकळं रान मिळालं. १ युनिटाची पेटी दीड तासात भरते, हे खरं. पण ८०० वॅट म्हणजे चौदा व्होल्टला ५७ अँपिअर. मोठ्या एसयूव्हीला ते झेपेल. हॅचबॅकच्या आल्टरनेटरची ताकदच मुळी सत्तर-नव्वद अँपिअरची, त्यात हेडलाइट, वायपर, एसीचा पंखा. पावसाळ्यात माळशेज चढताना त्याच्यावर काय बेतत असेल, ते त्यालाच ठाऊक. वॉरंटीवाल्यांनी ती तार बघितली की ते काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.

हे खूळ आलं कुठून? अमेरिकेतून, आणखी कुठून! तिथे पिकअपच्या मागच्या हौद्यातच भिंतीवरच्यासारखं सॉकेट असतं. टोयोटाच्या जुन्या टॅकोमाची गंमत ऐका. गाडी उभी करून इंजिन चालू ठेवलं तर ४०० वॅट आणि धावायला लागली की फक्त १००. म्हणजे पुढे जावं तर वीज तुटपुंजी, भरपूर वीज हवी तर जागेवर उभं राहा. फोर्डच्या हायब्रिड एफ-१५० मध्ये २.४ किंवा ७.२ किलोवॅटची सोय. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात बर्फाने वीज गेली, लाखो घरं अंधारात बुडाली, तेव्हा कंपनीने तिथल्या डीलरांना असे ट्रक लोकांना वापरायला द्यायला सांगितलं. तिथे गरज होती, मान्य. आपले लोक मात्र तिथल्या भाच्याला फोन करतात, “येताना पेटी घेऊन ये.” विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-तासांच्या आणि परवानगी घेऊनही १६० च्या वरची बॅटरी नेता येत नाही. भाचा पंधरा मिनिटं समजावतो आणि मामा म्हणतो, “हल्ली तुम्हा लोकांना आमच्यासाठी काही करायला नकोच.”

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचं तर विचारूच नका. टाटाच्या नेक्सॉन ईव्हीला २०२३ पासून बाहेर वीज द्यायची सोय आली, ३.३ केव्हीएची. ह्युंदाईची आयोनिक ५ तर ३.६ किलोवॅट देते. म्हणजे बुडाशी चाळीस युनिटांची बॅटरी, तिच्यातून मिक्सरसुद्धा चालेल, आणि तरी डिकीत एका युनिटाची पेटी! का? तर “रात्री गाडी जागी ठेवायला नको.” धरणाकाठी राहून घरात पिंप भरून ठेवण्यातला हा प्रकार.

मे महिन्यात याच पेटीचा अहंकार उतरतो. बंद गाडी उन्हात तापली की आत पन्नासच्या वर जातं, आणि बऱ्याच पेट्या ४५ अंशांच्या आसपास चार्जिंग थांबवतात. नागपुराकडे तर बाहेरच तेवढं असतं. मग पेटीला पुढच्या सीटवर एसीसमोर बसवतात आणि सासूबाईंना मागे.

एक मात्र कबूल करावं लागेल. घरात तीन खोल्यांचे दिवे जळत ठेवून टीव्हीसमोर घोरणारी हीच माणसं पेटीपुढे वॅट-वॅट मोजतात. किटली किती खाते, पंखा किती, फोन किती, हे यांना आता झोपेतून उठवून विचारा. वायरच्या जाचातून सुटलो म्हणतात. सुटले कुठले? वायर फक्त पेट्रोल पंपापर्यंत लांब झाली. पण तिच्या या टोकाला काय येतंय ते बघायची सवय लागली, हेही नसे थोडके.

आणि खरं सांगू? घरून पेटी शंभर टक्के भरून निघायचं, वाटेत इंजिन चालू असतानाच जे शंभर वॅट मिळतील ते वर ओतायचे, गाडी बंद केली की प्लग काढायचा. एवढं केलं की सगळं निभतं, आणि हे त्यांच्यातल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक आहे. पण भिंतीवरच्या प्लगने पेटी भरली, तर “जरा पेटी चार्ज करून येतो” म्हणून दर शनिवारी दुपारी पाहुणे येण्याच्या तोंडावर गाडी घेऊन ताम्हिणीकडे सटकायला निमित्त कुठलं देणार?