चपलांसकट

रस्त्यावरच्या फोटोग्राफीचा एक फ्रेंच गुरू होऊन गेला, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ. माणूस बेसावध असताना नेमका क्षण टिपायचा, ही त्याची शिकवण. १९५२ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाचं इंग्रजी नावच मुळी ‘निर्णायक क्षण’ या अर्थाचं. पुस्तक थोरच असणार. पण गुरुजींनी जव्हारच्या बाजारात एक हंगाम धंदा करून दाखवला असता, तर मी त्यांची तसबीर गल्ल्यावर टांगली असती. आमच्या गिऱ्हाइकाला बेसावध टिपलं तर ते पैसे देत नाही. इथं निर्णायक क्षण एकच, मोखाड्याची एसटी हॉर्न मारते तो. त्याच्या आत प्रिंट हातात पडली तर पैसे, नाहीतर पुढच्या बाजारापर्यंत उधारी.

गिऱ्हाइकाच्या अटी ठरलेल्या असतात. हसायचं नाही. हात मांड्यांना चिकटलेले. आणि फोटोत चपला आल्याच पाहिजेत, कारण त्या नव्या असतात. “मामा, कमरेपर्यंत घेतो, चेहरा मोठा येईल,” म्हटलं की मामा विचारतो, “मंग पायांचं पैसं कमी घेशील का तू?” (इकडं सगळे सगळ्यांना ‘तू’च म्हणतात, कलेक्टरलासुद्धा. नवीन कलेक्टर पहिल्या महिन्यात दचकतो, दुसऱ्यात रुळतो.)

माझी खरी दौलत कॅमेरा नव्हे. तो पावसाळाभर तांदळाच्या डब्यात निजलेला असतो, लेन्सला बुरशी धरू नये म्हणून. दौलत म्हणजे एक काळा कोट. पासपोर्ट साइजसाठी जो खुर्चीवर बसेल त्याच्या अंगावर तो चढतो आणि पाठीमागं कपडे वाळत घालायचे चिमटे लावून त्याच्या मापाचा होतो. समोरून बॅरिस्टर, मागून दांडी. आश्रमशाळेत निघालेल्या पोरापासून सरपंचकीला उभ्या राहिलेल्या काकापर्यंत, अर्ध्या तालुक्याच्या कागदपत्रांत हाच कोट आहे. एखाद्या बारीक नजरेच्या बाबूनं त्या फायली शेजारी-शेजारी ठेवल्या, तर एकच माणूस चेहरे बदलून सगळ्या योजना लाटतोय असं त्याला वाटेल.

मोखाड्यावरून तसंच पुढं गेलं की त्र्यंबकेश्वर. दादासाहेब फाळके तिथले, जन्म १८७० चा. सिनेमाच्या आधी त्यांनी बडोद्यात फोटोग्राफीचा धंदा करून पाहिला होता. पण कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो नि माणूस मरतो, अशी हूल उठली आणि धंदा बसला. दादासाहेब शंभर-सव्वाशे वर्षं लवकर जन्मले. आता भीती नेमकी उलटी आहे. फोटो चिकटवलेला नसेल तर माणूस जिवंत आहे हेच कुणी मानत नाही. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बँकेचं खातं, कुठंही जा, आधी माझ्याकडून जा. २००६ च्या वनहक्क कायद्याचे तर माझ्यावर उपकार आहेत. त्या कायद्यानं वनजमिनीचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. त्यामुळं फायलीला लावायला म्हणून, जन्मभर संसार केलेली जोडपी माझ्या निळ्या कापडासमोर खांद्याला खांदा लावून उभी राहिली. एक आजी लाजून सारखी बाजूला सरकायची. शेवटी आजोबा खेकसले, “दोन एकराची बाब हाय, ऱ्हा उभी!”

आता बाहेरून येणाऱ्या कॅमेऱ्यांचं. वावर-वांगणी हे आमच्याकडच्या दोन गावांचं जोडनाव महाराष्ट्राला कळलं ते १९९२ मध्ये. कुपोषणानं शंभराहून अधिक मुलं गेली, तेव्हा जव्हार तालुका पहिल्या पानावर आला. त्यात विनोदाला जागा नाही, आणि त्या वेळी कॅमेरे आले नसते तर मुंबईला जाग आली नसती, हेही खरं. पण कॅमेरे गेले तरी त्यांचा साचा इथंच राहिला. तो साचा भरायला अजून गाड्या येतात.

पाहुणा फोटोग्राफर माझ्या घराच्या किमतीची लेन्स गळ्यात घालून उतरतो आणि वाटाड्या म्हणून मला सोबत घेतो. पाड्यावर पोचलो की बाई त्याला बघून आत पळते. नवी साडी, पावडर, केसांत फूल अशी नटून बाहेर येते. पाहुण्याचा चेहरा पडतो. “मघाची साडी चांगली होती हो,” असं तो माझ्या कानात कुजबुजतो. मग साफसफाई सुरू. मोबाइलवाला पोरगा बाजूला हो. मोटारसायकल मागं घे. डिशची छत्री फ्रेमबाहेर. कुडाची भिंत मात्र राहू दे, ती फार बोलते म्हणे. बेसावध क्षण टिपायला माणसाला इतका वेळ लागलेला मी दुसरीकडं पाहिलेला नाही. एका आजीला तो म्हणाला, “इकडं नको बघू, त्या डोंगराकडं बघ.” आजीनं डोंगराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “तिकडं काय बघू? तिकडं जावाय राहतो, तो बोलत नाय.” फोटोत ती नजर भलतीच वेदनामय आली असणार.

त्याच्या फोटोचे आजी पैसे देत नाही, म्हणून ती त्याला हवी तशी दिसते. माझ्याकडं ती वीस-तीस रुपये मोजते, म्हणून स्वतःला हवी तशी. दोन्ही फोटो खरे असतील, पण घराच्या भिंतीवर माझाच लागतो.

दिवाळीनंतर पाडे रिकामे होतात. माणसं भिवंडी-वसईकडं वीटभट्ट्यांवर जातात आणि माझा धंदा मातीला मिळतो. शिमग्याला ती परततात, मोखाड्याकडं मुखवट्यांच्या सोंगांचा बोहाडा सुरू होतो, आणि मी रात्रभर मुखवट्यांसमोर फ्लॅश उडवतो. तिथली अडचण वेगळी. रावणाचा झकास फोटो निघाला म्हणून पैसे मागायला जावं, तर मुखवट्याखालून अनोळखी आवाज येतो, “मघाशी मी नव्हतो, माझा चुलता होता.” चुलता सापडेपर्यंत तो दुसऱ्या सोंगात शिरलेला असतो. दहा तोंडांच्या गिऱ्हाइकाकडून एका तोंडाचे पैसे निघत नाहीत.

आणि आता तर सरकारच या धंद्यात उतरलंय. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो मोबाइलवर चढवावा लागतो, ठिकाणाच्या नोंदीसकट. फोटो नाही तर हजेरी नाही. आमच्याकडं रेंज झाडावर चढल्याशिवाय सापडत नाही, त्यामुळं फोटो खाली निघतो नि वर जातो. पुढं जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला पत्र काढावं लागलं, की ठिकठिकाणी भलतेच फोटो चढवले जात आहेत, काही तर चक्क फोटोचे फोटो. ते वाचून मी गल्ल्यावर उदबत्ती लावली. फोटोचा फोटो काढायचा म्हटला तरी आधी एक फोटो लागतोच.

मध्ये एका बंधाऱ्याच्या कामावरून जात होतो, तर बायांनी मलाच घेरलं. दोन वेळा रांगेत उभं करत्यात, सकाळचा एक, दुपारचा एक, असा हिशोब मांडून त्यातली पुढची म्हणाली, “तू दहा मिनटात फोटू हातात देतोस. सरकारकडं मशीन नाय का? आमचं फोटू कधी मिळायचं?”

मी म्हटलं, अर्ज करा. तिनं विचारलं, अर्जाला फोटू लागल का?

लागेल म्हटलं. कोट गाडीलाच बांधलेला होता.