काकू आणि फ्रँकफर्ट

२०२३ च्या दसऱ्याला नागपुरात सरसंघचालकांच्या भाषणात ‘सांस्कृतिक मार्क्सवादी’ हा शब्द आला आणि आमच्या सोसायटीतल्या काकांना गुन्हेगार सापडला: या मार्क्सवादाचं मूळ मानला जाणारा, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा विचारवंतांचा गट. सून जीन्स घालते? फ्रँकफर्ट. नातवाला मराठी वाचता येत नाही? तेही फ्रँकफर्ट. (त्याच्या इंग्रजी शाळेच्या फॉर्मसाठी पहाटे पाचला रांगेत काकाच उभे होते, ते असो.)

आता, फ्रँकफर्टच्या त्या मंडळींनी १९३६ साली अधिकार आणि कुटुंब या विषयावर जाडजूड ग्रंथ काढला खरा. पण त्यांच्यातल्याच अडोर्नोच्या संस्थेत १९६९ मध्ये विद्यार्थी घुसले, तेव्हा अडोर्नोने काय केलं? सरळ पोलीस बोलावले! गच्चीवर पोरांनी गाणी लावली की काकाही हेच करतात. दोघांचं छान जमलं असतं.

हे मी काकांना सांगणार, तेवढ्यात काकू भाजीची पिशवी घेऊन निघाल्या.

“अगं, चहा?”

“पातेलं ओट्यावर आहे. साखर डाव्या डब्यात.”

दार लागलं. काका बराच वेळ दाराकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात मला म्हणाले, “हिला कुणी फितवलं असेल हो?”