अस्थिर हात, स्थिर चित्र

निक वूडमन नावाच्या एका अमेरिकन तरुणाला समुद्राच्या लाटांवर फळीवर उभं असताना फोटो काढायचे होते, म्हणून त्याने मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा तयार केला आणि २००४ साली ‘गोप्रो’ बाजारात आणला. तेव्हा त्यात चक्क फिल्मचा रोल घालावा लागे. २००६ साली त्यात व्हिडिओ आला, तोही दहा सेकंदांचा. पुढे लोकांनी असले कॅमेरे हेल्मेटवर लावून डोंगरावरून सायकली सोडल्या, छातीला बांधून विमानातून उड्या मारल्या. मी तसलंच एक यंत्र हातात धरून कढीपत्ता आणायला जातो.

माझा कॅमेरा त्याच घराण्यातला नाही, भाऊबंदांपैकी कुणीतरी आहे. चिरंजीवांनी तो लडाखच्या मोटरसायकल सहलीसाठी घेतला होता. लडाख राहिलं. बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या आयटीवाल्या पोरांचं लडाख बहुधा राहतंच. आयटीपीएल या टेक पार्कच्या सिग्नललाच त्यांची हौस फिटते. मग मी सांगलीहून निवृत्त होऊन इथे मुलाकडे आलो, आणि दुपारी करायचं काय हे न कळणारा माणूस आणि ड्रॉवरमध्ये जुन्या चार्जरांच्या गुंत्यात पडलेला कॅमेरा यांची गाठ पडायला असा कितीसा वेळ लागणार?

“बाबा, अगदी सोपं आहे. एकच बटण. दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद,” सूनबाई म्हणाली. सगळा घोळ त्या ‘एकच’मध्ये आहे. एकदा ताल चुकला की दिवसभर चुकतो: समोर काही घडत असताना आमचं यंत्र झोपलेलं, आणि घडून गेल्यावर मी समाधानाने बटण दाबून ते पिशवीत टाकलं की टक्क जागं. काडुगोडीच्या बाजारातला माझा व्हिडिओ असाच झालाय. सुरुवातीला बराच वेळ नुसता अंधार, मग वरून कोथिंबिरीची जुडी येते, तिच्यावर टोमॅटो, त्यावर कसलंसं ओलं फडकं, आणि पुन्हा अंधार. आवाज मात्र लख्ख. मी ऐटीत “एष्टु?” विचारतो, भाजीवाली आकडा सांगते, तो मला कळत नाही, मी कळल्यासारखं “हां हां” करतो, नोट देतो आणि चालू लागतो, मागून ती बिचारी “सार, चिल्लरे तगोळ्ळि, सार!” म्हणून ओरडत राहते आणि मला ती मेथी विकतेय असं वाटत राहतं. पिशवीतला हा काळोख फोर-केमध्ये, म्हणजे तासाला चाळीसेक जीबीच्या दराने, मुलाच्या लॅपटॉपवर जाऊन बसला. घरात सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला माझा चित्रपट हाच.

या कॅमेऱ्याचं भिंग फार उदार. समोरचं, बाजूचं, धरणाऱ्याचा अंगठा, सगळं पोटात घेतं; त्यामुळे मधलं दूर पळतं आणि कडेचं रुंद होतं. हे शास्त्र मला हळदीकुंकवानंतर कळलं. त्या चित्रीकरणात आमची ही नेमकी कडेला बसली होती. “हे भिंगाचं गणित असतं गं,” मी समजावलं. रात्रीचं जेवण अतिशय शांततेत झालं.

मग वाटलं, घरात नको, इतिहासाकडे वळू. म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर १८८२ साली अँग्लो-इंडियन मंडळींची वसाहत उभी राहिली, डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून तिला व्हाइटफील्ड म्हणू लागले, आणि त्या वसाहतीचा इनर सर्कल आजही आहे, हे सांगलीच्या चुलतभावांना कळावं म्हणून मी तिथे उभा राहून कॉमेंटरीसह माहितीपट केला. तिथलं जुनं चर्च चित्रात काडेपेटीएवढं आलं. कॉमेंटरी आलीच नाही, कारण माइकवर माझं बोट होतं. चुलतभावाने विचारलं, “आजारी होतास का रे? नुसतंच तोंड हलवतोयस.”

गणपतीत सोसायटीच्या क्लबहाऊसमधली आरती घेतली. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते, अमेरिकेतली ६०. कॅमेरा अमेरिकेच्या हिशेबावर ठेवला असेल तर इथल्या काही दिव्यांखाली चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात. तो तसाच ठेवलेला होता. सुखकर्ता चालू असताना बाप्पावर पट्ट्यांचा नुसता पाऊस. प्रसादाचा उकडीचा मोदक तरी नीट घ्यावा म्हणून भिंग अगदी त्याच्या नाकाशी नेलं, तर या कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा बांधलेला, वीतभराच्या आतलं त्याला दिसत नाही. मोदक धुक्यात गेला. मागे दुसऱ्या मोदकाकडे चोरून हात नेणारे शेजारी मात्र त्या मोदकाच्या कळी-कळीसकट स्पष्ट आले.

चित्र हलू नये म्हणून गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून चालावं, असं एका जाणकार पोराने सांगितलं. रोज सकाळी मी सोसायटीच्या आवारात तसा चालू लागलो. वॉचमनने खुर्ची पुढे केली. “मंडी नोवा, सार?” म्हणजे गुडघे दुखतात का. संध्याकाळी शेजारच्या वहिनींनी हाडांच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला.

आता मुख्य पराक्रम. काडुगोडीच्या मेट्रो स्टेशनपर्यंत मेट्रो आली २०२३ साली, पण आमच्या सोसायटीपासून त्या स्टेशनपर्यंत जायचं तर रिक्षात दोन्ही हातांनी दांडा धरून आणि दातांवर दात घट्ट ठेवून जावं लागतं. पुरावाच द्यावा म्हणून मी भर दुपारी रिक्षातून हात बाहेर काढून तो सगळा रस्ता टिपला. डोकं टपाला आपटत होतं, चष्मा नाकावरून ओठांवर आला होता, रिक्षावाला कन्नडमध्ये माझ्या वयाचा उद्धार करत होता. मी कॅमेरा सोडला नाही. घरी येऊन व्हिडिओ लावला. रस्ता काचेचा! आत एक जायरोस्कोप असतो म्हणे. त्याच्या हिशेबाने कॅमेरा, हात जिकडे जाईल त्याच्या उलट चित्र सरकवतो, कडा कापतो आणि मधला तुकडा जागच्या जागी ठेवतो. व्हाइटफील्डचे खड्डे माझ्या कॅमेऱ्याने एका दुपारीत बुजवले.

हे मला कळेपर्यंत व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर गेलेला होता, सोबत माझं ‘नागरिकांनो, जागे व्हा’ छापाचं लांबलचक निवेदन. नागरिक जागे झाले. एकाने विचारलं, “काका, हा कुठला रस्ता? उद्यापासून इकडूनच जातो.” दुसऱ्याने महापालिकेचे आभार मानले. त्याला लोकांनी हात जोडले.

मुलाने ती स्थिर करण्याची सोय बंद करून दिली. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तोच रिक्षावाला (हा तर आता मला पाहताच कपाळावर हात मारतो), आणि या वेळी खड्डे जसेच्या तसे आले. खड्डेच काय, आभाळ, म्हैस, दुकानाच्या पाट्या, सगळं थडथडत होतं. अभिमानाने ग्रुपवर टाकलं. खड्ड्यांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. “काकांचे हात फार थरथरतात, लक्ष द्या हो,” असा निरोप सूनबाईला आला, आणि शेजारच्या वहिनींनी या वेळी मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला.