टायरकाका

दारावरची बेल वाजायच्या आधीच माझ्या फोनवर कॅमेऱ्याची सूचना येते, बाहेर कुणीतरी आलंय म्हणून. बघावं तर दारात कुणी नसतं. ड्राइव्हवेत, माझ्या ट्रकच्या मागच्या डाव्या चाकापाशी, एक गृहस्थ उकिडवे बसलेले असतात. एका हातात मोबाइलची बॅटरी, दुसरा हात टायरच्या पोटावरून फिरतोय, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललंय. समोर नव्यानं राहायला आलेल्या शेजाऱ्यानं एकदा मला घाईघाईनं कळवलं होतं, तुझ्या गाडीची चाकं कुणीतरी काढतंय. मी म्हटलं, चोर नाही, आमचे काका आहेत. जेवायला आलेत.

डॅलसच्या उत्तरेकडच्या गावांतून जेवढी म्हणून मराठी घरं आहेत, त्या सगळ्यांत हे टायरकाका. अर्थात पाठीमागे. समोर नुसतं काका. मूळचे कोल्हापूरकडचे, घरचा ऊस, घरचा ट्रॅक्टर. रिचर्डसनच्या टेलिकॉम कंपन्यांतून ३० वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर कुणी भजनाला लागतो, कुणी शेअर बाजाराला. काका टायरला लागले.

आत आले की नमस्कार-चमत्कार नाही. चपला काढता काढता पहिलं वाक्य :

"सव्वीस-एकोणीस."

हा माझ्या टायरचा जन्म. टायरच्या कडेवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो कधी तयार झाला ते : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २६१९ म्हणजे २०१९ सालचा सव्विसावा आठवडा. मला माझ्या सख्ख्या भाच्याचा वाढदिवस लक्षात राहत नाही. काकांना आमच्या अख्ख्या मराठी मंडळाच्या टायरांचे पाठ आहेत. कार्यकारिणीच्या बैठकीत खजिनदार हिशेब वाचत असताना काका मध्येच म्हणाले होते, "तुमचा पुढचा उजवा अकरा-सोळा आहे. आधी तो बदला, मग हॉलचं भाडं बघू."

ट्रक आणि ट्रेलर यांचं जुळवणं हे काकांच्या लेखी पत्रिका बघण्याचं काम आहे. इकडे पिकअपलाच ट्रक म्हणतात, आणि टेक्सासात तो असल्याशिवाय माणूस स्थायिक झाला असं कुणी मानत नाही. मग त्या ट्रकच्या मागं काहीतरी ओढायची हौस येते. बोट, घोडा, गवत कापायची मशिनं, नाहीतर चाकावरचं अख्खं घर. "जाहिरातीत काय सांगतात? एवढे हजार पौंड ओढतो. अरे, ओढायचं कौतुक रेड्याला सांग. ओढून सरळ जातो का, ते बघ," काका म्हणतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर, टायरवरचे आकडे, ट्रेलरचं वजन हे सगळं कागदावर मांडतात आणि चष्म्यावरून बघत सांगतात, "छत्तिसातले अकरा गुण. नाडी एक. करू नका."

मीही एकदा करू नका म्हटलेलं केलं होतं. गेल्याच्या गेल्या वर्षीचा गणपती. मंडळानं भाड्यानं बंद ट्रेलर घेतला होता आणि ओढायला माझा ट्रक. ढोल-ताशे नाजूक म्हणून पथकाच्या मुलांनी ते आधी, अगदी आत, पुढच्या भिंतीला लावून ठेवले. मग मखर, टेबलं, आणि सगळ्यात शेवटी दारापाशी पाण्याच्या बाटल्यांची ३० खोकी. एका खोक्यात अर्ध्या लिटरच्या ४० बाटल्या. म्हणजे ६०० किलो पाणी ट्रेलरच्या शेपटाला. हा हिशेब मला तेव्हा कुणी विचारला नव्हता. काकांनी विचारला असता, पण ते फुलं आणायला गेले होते.

हायवेला ताशी ६५ मैलांवर एक अठराचाकी शेजारून गेला. त्याच्या वाऱ्याचा धक्का बसला आणि ट्रेलर हलला. हलला तो थांबेचना. एकदा डाव्या आरशात दिसतो, एकदा उजव्या. मागं गौरीचा झिम्मा सुरू झाल्यासारखा. मी जे कुणीही केलं असतं तेच केलं. ब्रेक दाबला. झिम्म्याची फुगडी झाली.

तेवढ्यात गाडीतल्या स्पीकरवर काकांचा आवाज. फुलं घेऊन ते आमच्या मागेच लागले होते, आणि माझे ब्रेकचे लाल दिवे त्यांनी पाहिले होते.

"ब्रेकवरचा पाय काढ! गॅस सोड. स्टिअरिंग सरळ धर. दुसरं काही करू नकोस."

मंडळाच्या कार्यकर्त्याला काही करू नकोस म्हणून सांगणं, आणि त्यानं ते ऐकणं, असा प्रसंग विरळा. मी ऐकलं. वेग आपोआप उतरत गेला, ट्रेलर आळोखेपिळोखे देत निवला, आणि पुढच्या एक्झिटला एका पेट्रोल पंपाच्या कडेला आम्ही थांबलो. माझे हात स्टिअरिंगवरून निघत नव्हते. काका खिडकीशी आले, मला वाटलं पाठीवर हात ठेवतील. त्यांनी विचारलं, "मागं पाणी भरलंस होय रे?"

मग भर दुपारी, झब्बे-फेटे घातलेल्या बारा पोरांनी ट्रेलर रिकामा केला. पंपावरची टेक्सन गिऱ्हाइकं कॉफी घेऊन बघत उभी. काका एका उलट्या खोक्यावर चढून शिकवत होते.

"बैलगाडी बघितलीय का कुणी? इथं जन्मलेल्यांनी नुसतं ऐका. गाडीत मागं माल जास्त झाला की जू वर उचलतं, बैलांच्या मानेला फास लागतो. त्याला म्हणतात गाडी उलाळ झाली. पुढं जास्त झाला की बैल गुडघ्यावर येतात. आमचे अण्णा नुसत्या डोळ्यांनी माल सारखा करायचे. इथल्या माणसानं तेच आकड्यात सांगितलंय. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, ट्रेलर ट्रकला जोडतो तिथं, म्हणजे बैलांच्या मानेवर, आला पाहिजे. तुमची गाडी उलाळ होती. उलाळ गाडी शेपूट हलवणारच."

खोकी पुढं आली, ढोल मागं गेले. मला वाटलं सुटलो. तर काकांनी माझ्या ट्रकच्या मागच्या बाजूला दोन्ही तळहात टेकवले आणि आडवा धक्का दिला. ट्रक डुलला. चाकं जागेवरच होती. पण रिम आणि जमीन यांच्यामधलं रबर डावी-उजवीकडं लवत होतं, नुकत्याच सोडवलेल्या खरवसासारखं.

"हे बघ. हा टायर शहरातला. पी म्हणून सुरू होणारा. ऑफिसला जा, भाजी आण, मऊ मऊ बस. ट्रेलर मागून आडवा ढकलतो तेव्हा हा आधी वाकतो, मग सरळ होतो, तेवढ्यात ट्रेलर दुसरीकडून ढकलतो. तुझ्या टायरला नकार द्यायला येत नाही." मग माझा पडलेला चेहरा बघून जरा हळू आवाजात : "पण आजचा गुन्हा त्याचा नाही हं. पहिला दोष माल भरणाऱ्याचा, दुसरा वेगाचा, तिसरा टायरचा. नवे टायर घालून उलाळ गाडी सरळ होत नाही."

दोषांचा हा क्रम मी मुद्दाम नोंदवून ठेवतोय, कारण दुकानदार तो नेमका उलटा सांगतात.

पुढच्याच शनिवारी काका मला टायरच्या दुकानात घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे, मी चुकून म्हणालो की जाणार आहे. सकाळी आठला ते डबा आणि फोल्डर घेऊन ड्राइव्हवेत हजर. काउंटरवरच्या विशीतल्या पोरानं आम्हाला आनंदानं एक राक्षसी टायर दाखवला. हातभर खोल खाचा, कडेलाही दात, चिखलातून रणगाडा जावा तसा. दिसतो झकास, तो म्हणाला. काकांनी एका रबरी दातावर अंगठा ठेवून तो हलवून दाखवला.

"दात मोठे झाले म्हणून पकड चांगली होत नाही, गड्या. हलणाऱ्या दातांनी ऊस सोलता येतो का? आम्ही डांबरी रस्त्यानं जाणार. आम्हाला सलग पट्ट्यांचा, हायवेचा दाखव." हे सगळं इंग्रजीत, पण ऊस मराठीतच राहिला. पोरानं मान डोलावली. त्याला वाटलं ती एखादी कंपनी असावी.

मग फोल्डर उघडला. माझ्या मापाचा, २७५/६५ आर १८, एक पी टायर आणि एक एलटी, म्हणजे लाइट ट्रकचा. पी वर भारांक ११६, म्हणजे १२५० किलो. एलटी, लोड रेंज ई, त्यावर १२३, म्हणजे १५५० किलो, पण ८० पीएसआय हवा भरली तर. "आणि ऐक, पी टायर ट्रकला लावला की त्याच्या भाराला १.१ नं भागायचं असतं. मोटारीचा टायर ट्रकखाली घालतोस म्हणून दंड. काढ किती झाले." मी काढले. अकराशे छत्तीस. पोरानंही काढले. दुकानात एक बाई बसल्या होत्या, त्यांनीही फोनवर काढले. काका तिघांकडं शिक्षकाच्या समाधानानं बघत होते.

एलटी घेतले. तरी काकांचं संपलं नव्हतं. "आता दारावरच्या स्टिकरची ३५ हवा ह्यात भरलीस तर जुना टायर बरा होता म्हणशील. हा पैलवान आहे, उपाशी ठेवला तर काम करत नाही. त्याच भाराला ह्याला हवा जास्त लागते. आणि रिकामा फिरताना ८० पण नको, मणके निखळतील." भार किती आणि हवा किती याचा तक्ता त्यांनी लॅमिनेट करून आणला होता. तो अजून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, विम्याच्या कागदांच्या वर.

येताना काकू आमच्याबरोबर होत्या. पहिल्याच खड्ड्यात त्यांच्या थर्मासच्या झाकणातला चहा साडीवर सांडला. ट्रक आता बैलगाडीसारखाच कडक बसत होता. काकू साडी झटकत शांतपणे म्हणाल्या, "ह्यांनी माझ्या गाडीला पण असलेच घालायचं काढलं होतं. मी म्हटलं, मी ब्लाउजपीस आणायला जाते, ऊस घेऊन नाही."

काकांचा स्वतःचा ट्रेलर आहे, हे सांगायला मी मुद्दाम उशीर केला. चोवीस फुटी, आत पलंग, ओटा, संडास, देवाला कोनाडा. निवृत्तीच्या पैशातून घेतला, यलोस्टोनला जायचं म्हणून. घरासमोर उभा करायला कॉलनीच्या नियमात बसत नाही, म्हणून गावाबाहेरच्या एका वाड्यात महिन्याच्या भाड्यानं असतो. काका दर शनिवारी तिथं जातात, शनीच्या देवळात जावं तसे. हवा बघतात, टायरांवर ऊन येऊ नये म्हणून बांधलेली पांढरी झाकणं सोडून पुन्हा बांधतात, नटांना पान्यानं टकटक करतात आणि परत येतात.

पहिल्या वर्षी यलोस्टोन रद्द झालं, कारण हिच बदलायची होती. भार पुढच्या चाकांवरही वाटून देणारी. दुसऱ्या वर्षी ट्रकचे टायर. तिसऱ्या वर्षी सगळं झालं आणि काका म्हणाले, आधी काटा करू. हायवेवरच्या ट्रकस्टॉपला मोठाले वजनकाटे असतात. पुढची चाकं, मागची चाकं, ट्रेलर असं प्रत्येकाचं वेगळं वजन कागदावर मिळतं. एकदा ट्रेलर जोडून, एकदा सोडून वजन केलं की हिचवर किती भार येतो ते कळतं. मीही गेलो होतो. ज्या माणसाचं बालपण साखर कारखान्याच्या काट्यावर रांगेत गेलं, तो कारखान्याच्या मालकीचा काटा सोडून बाहेरच्या काट्यावर किती विश्वासानं उभा राहतो, ते त्या दिवशी पाहिलं. कागद हातात आला तेव्हा काकांनी तो कपाळाला लावला. हिचवर बारा टक्के. अगदी नेमके. आम्ही समोरच्या उपाहारगृहात पॅनकेक खाल्ले आणि ट्रेलर वाड्यात परत नेऊन लावला. अकरा मैल जाणं, अकरा मैल येणं. चौथ्या वर्षी काकांचा गुडघा, पाचव्या वर्षी नातीचा जन्म, मग कुठं वाटेतल्या अमरिलोकडचा वारा फार असल्याची बातमी.

परवा त्यांचा फोन आला, दुकानात ये म्हणून. मी गेलो तर ट्रेलर जॅकवर आणि चारही टायर जमिनीवर काढून ठेवलेले. ट्रेलरचे टायर झिजून संपत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. पाच-सहा वर्षं झाली की नक्षी कितीही शाबूत असो, बदललेले बरे. काकांनी हे मंडळात शंभर लोकांना सांगितलंय, तेव्हा स्वतःला सूट कशी देणार? नवे चार आले होते. काका उकिडवे बसून त्यांच्यावरचे आकडे वाचत होते. पुढच्या जूनमध्ये नक्की, म्हणाले. तू पण चल, दोन गाड्यांनी जाऊ.

तोच तो काउंटरवरचा पोरगा, आता मिशी फुटलेला, काढलेला एक टायर फिरवून फिरवून बघत होता. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, हे कधी वापरलेले आहेत का?

मी वाकून पाहिलं. नव्या टायरवर रबराचे बारीक उभे केस असतात, दोन-चारशे मैलांत ते झडून जातात. सहा वर्षांच्या त्या टायरांचं जावळ अजून निघालेलं नव्हतं.