ज्येष्ठ टीव्ही पत्रकार कसे व्हावे?

तुमचे वय बाविशीच्या आसपास आहे, आवाज बरा आहे आणि घरच्यांनी स्पर्धा परीक्षेची आशा सोडली आहे? अभिनंदन, पात्रता पूर्ण झाली. आता खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. घाई करू नका. तीस-पस्तीस वर्षे लागतात.

१. पूर्वजांचा अभ्यास करा, पण बेताने. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. तिथे प्रदीप भिडे वर्षानुवर्षे बातम्या वाचत राहिले आणि त्यांचे स्वतःचे मत काय आहे, याचा प्रेक्षकांना पत्ताच लागला नाही. इतका संयम आता परवडत नाही. स्मिता पाटील जीन्सवरच साडी नेसून बातम्या वाचायला बसत, असे सांगतात. हा धडा मात्र घ्या. टेबलाखालचे कुणाला दिसत नाही.

२. पाण्यात उतरा. हातात बूम माइक आला की पहिल्याच पावसात तुम्हाला मुंबईतल्या तुंबणाऱ्या हिंदमाताला पाठवतील. पाणी घोट्यापर्यंतच असेल तर खचू नका, गुडघे वाकवा. मागून एखादे पोर निवांत सायकल चालवत गेले, तर पीटीसी, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचे निवेदन, पुन्हा करा.

३. प्रश्न विचारायला शिका. सुरुवातीला एकच पुरतो, "तुम्हाला आता काय वाटतंय?" घर कोसळलेल्याला, परीक्षेत पहिला आलेल्याला आणि पडलेल्या उमेदवाराला तोच विचारा. पुढे अनुभव वाढेल तसा प्रश्नही वाढू द्या. दहा वर्षांनी तो दोन मिनिटांचा झाला पाहिजे. विसाव्या वर्षी त्यातच उत्तरही यावे. पाहुण्याने फक्त मान हलवायची, मग ब्रेक.

४. सूत्रे सांभाळा. २२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री वाहिन्यांनी उद्धव ठाकरे यांना मुख्यमंत्री करून टाकले होते. पहाटे ५.४७ ला राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी उरकला. नवशिका अशा वेळी खजील होतो. तुम्ही कॅमेऱ्यात बघून शांतपणे म्हणा, "मी सांगतच होतो, आत काहीतरी शिजतंय." मग थांबा. २६ तारखेला फडणवीसांनी राजीनामा दिला आणि २८ ला ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली. आता जाहीर करा, "आमची बातमी खरी ठरली." धीर धरणाऱ्याची बातमी चुकत नाही, ती फक्त लवकर आलेली असते.

५. आठवणी निवडून ठेवा. २६/११ ला ताज हॉटेलसमोर किती तास उभे होतो, हे प्रत्येक सत्कारात सांगा. वाहिन्यांच्या त्याच थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात कडक ताशेरे ओढले. त्या परिच्छेदाशी आल्यावर तुमचा चष्मा सापडू नये.

६. खुर्चीत बसा. २००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा आले, तेव्हापासून मराठीत चोवीस तास भरायचे असतात. पडद्यावर आठ खिडक्या करा आणि सगळ्यांना एकदम बोलू द्या. मग स्वतः ओरडा, "एकेकाने बोला!" कांद्याचे भाव पडल्याचा विषय कुणी काढलाच तर वेळ संपल्याचे सांगा. कांदा काय, पुढच्या वर्षीही पडेल.

७. आता ज्येष्ठ व्हा. ही पदवी कुठलेही विद्यापीठ देत नाही. नोकरी गेली की दुसऱ्या वाहिनीवर पाहुणे म्हणून जायचे, नावाखाली 'ज्येष्ठ पत्रकार' अशी पट्टी आपोआप येते. वाईट वाटून घेऊ नका, मानधन नसले तरी गाडी पाठवतात. निदान जाताना तरी.

८. शेवटी निर्भीड व्हा. स्वतःचे यूट्यूब चॅनेल काढा. मालकांचा दबाव कसा होता, कुठली बातमी कशी दाबली, मंत्रालयातून फोन कसा आला, सगळे बेधडक सांगा. फक्त फोन करणाऱ्या मंत्र्याचे नाव घेऊ नका. पुढच्या महिन्यात तुमच्या आत्मचरित्राचे प्रकाशन त्यांच्याच हस्ते आहे.