पाचवी पायरी आणि जास्वंद

फुलं काढायला शिकायचं ठरल्यावर प्रस्तुत लेखकाने सर्वांत आधी सहीचा सराव केला. उजव्या कोपऱ्यात, किंचित तिरकी, वाचता येईल न येईल अशी. ती मनासारखी जमल्यावर मग जाड कागद, 2बीपासून 6बीपर्यंतच्या पेन्सिली आणि पायरीपायरीने फुलं शिकवणारं पुस्तक घरात आलं.

पहिल्या पायरीत गोल. दुसरीत त्याच्या आत छोटा गोल. तिसरीत पाकळ्यांच्या अंदाजे रेघा, चौथीत त्यांना कड. आणि पाचवीत एकदम दव पडलेली टवटवीत जास्वंद! जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 सालापासून चालू आहे. चौथ्या आणि पाचव्या पायरीच्या मधे चित्रकाराने तिथे काही वर्षं काढली असणार, तेवढी पानं छापायची राहून गेली.

लेखक इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा पास आहे, हे वाक्य तो कुठल्याही गप्पांत बसवू शकतो. हल्ली त्या परीक्षेतल्या ए ग्रेडचे 7 वाढीव गुण दहावीला मिळतात. त्याच्या वेळी मिळत नसत. हेही तो सांगतो.

आता जास्वंदीबद्दल थोडं सविस्तर. घरचे हल्ली ऐकत नाहीत. विज्ञानाच्या पुस्तकात फुलाचे भाग दाखवायला जास्वंदच घेतात, कारण तिचं सगळं ठसठशीत. पण गोलाभोवती पाच पाकळ्या सारख्या मांडल्या की जास्वंद होत नाही, टेबलफॅन होतो. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीवर चढलेली असते आणि दुसरी पलीकडच्या शेजारणीखाली दबलेली. त्यामुळे सुरुवात कुठूनही करा, शेवटची पाकळी पहिलीच्या खाली घुसवावीच लागते, आणि तोवर पहिली ठळक करून झालेली असते. मधला दांडा तर दांडाही नव्हे. पुंकेसर एकमेकांना जुळून झालेली ती नळी. तिच्या आतून कुक्षीवृंत वर येतो आणि टोकाला पाच मखमली लाल ठिपके घेऊन बाहेर डोकावतो. शिवाय हिरव्या निदलांच्या खाली बारीक हिरव्या पात्यांचं आणखी एक कडं असतं. पुस्तकातल्या चित्रात ते नाहीच! लेखकाने हे घरी आलेल्या पाहुण्यांना फूल उलटं धरून दाखवलं. पाहुण्यांनी चहा संपवला.

फूल बहुधा एकाच दिवसाचं. म्हणून आदल्या संध्याकाळी कळी हेरून ठेवायची, सकाळी पॅड घेऊन खाली उतरायचं, तर फांदी रिकामी. भिंतीबाहेरून आकडीने फांदी ओढणारी मंडळी त्याआधीच येऊन गेलेली असतात; हातात प्लॅस्टिकची पिशवी, ओठांवर अथर्वशीर्ष. गणपतीला लाल फूल आवडतं, कबूल. ते दुसऱ्याच्या झाडाचंच हवं, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? जो पाणी घालतो त्याला स्वतःच्या झाडावर उमललेलं फूल बघायला मिळू नये, याची खरोखर चीड येते.

लेखकाची आई वर्षानुवर्षं उंबऱ्यापुढे कमळ काढायची. आधी ठिपके, मग चिमटीतून सुटणारी रेघ. पायऱ्या तिच्याही होत्या, पण खोडरबर नव्हता. दुपारपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी कमळ पुसट होई, आणि दुसऱ्या दिवशी ती सडा घालून नवं काढी. कोणी ‘वा’ म्हणायला थांबलंय का, हे बघताना ती कधी दिसली नाही. आता गुडघे वाकत नाहीत म्हणून ती खुर्चीत बसून मुलाची चित्रं तपासते.

परवा तिने चष्मा वर सरकवून जास्वंद बराच वेळ न्याहाळली. ‘‘पाकळ्या बऱ्या आल्यात,’’ ती म्हणाली, ‘‘पण पान पेरूचं का लावलंयस रे? जास्वंदीचं दातेरी असतं.’’

लेखक तसाच खाली जाऊन बघून आला. दातेरीच होतं. सध्या तो फक्त पानं काढतो. ती पहाटे कोणी तोडून नेत नाही, आणि पुस्तकात पानांना पायऱ्याच दिलेल्या नाहीत.